दिवाळीनंतर मुलांना घेऊन घरी येतेय

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर मी म्हटलं, माझ्या वर्गातल्या मुलांना आपलं रान शिकवाल का? तर बाबा म्हणाले, "आम्ही अडाणी माणसं, शाळेच्या पोरांना काय शिकवणार?" तेवढ्यात रेंज गेली आणि माझं बोलणं राहूनच गेलं. म्हणून हे पत्र.

दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील असे दोनच देश आहेत. ॲमेझॉनच्या वर्षावनाचा भाग माझ्या वर्गातली पेठ-सुरगाण्याची मुलं घडाघडा म्हणून दाखवतात. पण त्यांच्याच घरामागच्या रानातलं झाड विचारलं की बरीचशी गप्प होतात. लहानपणापासून नाशिकला वसतिगृहात राहिलेल्या पोरांना ते दाखवणार तरी कोण? या गोष्टीनं मला खरंच झोप लागत नाही.

आई, 1 मे 2023 ला कोलंबियात ॲमेझॉनच्या जंगलात एक छोटं विमान पडलं. त्यातली मोठी माणसं गेली, उइतोतो आदिवासींची चार भावंडं तेवढी वाचली. थोरली मुलगी 13 वर्षांची, धाकटं बाळ 11 महिन्यांचं. 40 दिवसांनी, 9 जूनला, चौघंही जिवंत सापडली! आधी त्यांनी विमानातलं मॅनिओकचं पीठ पुरवून खाल्लं, मग रानातल्या बिया आणि फळं. कुठलं फळ चालतं, कुठलं नाही, हे त्यांना आजीनं आणि घरच्यांनी शिकवलेलं होतं.

मॅनिओक म्हणजे ज्याचा आपण साबुदाणा खातो तोच कंद. त्याच्या कडू जातीत विष असतं. तिकडच्या बायका तो किसतात, पिळून पाणी काढतात आणि भाजतात, तेव्हा कुठे तो पोटात जातो. हे वाचलं आणि तुझा कडूकंद आठवला. पातळ काप करायचे, राख घालून उकडायचे, मग टोपलीत भरून रात्रभर वाहत्या ओहोळात ठेवायचे. सकाळी तू पहिला काप स्वतःच्या जिभेवर ठेवायचीस, थोडं थांबायचीस आणि मगच आम्हाला द्यायचीस. हे माझ्या कुठल्याच पुस्तकात नाही गं.

बाबा, तुम्हाला चिको मेंडिस यांच्याबद्दल सांगायचंय. ब्राझीलच्या आक्रे राज्यात ते रबराच्या झाडाचा चीक काढायचे. त्यांच्या लहानपणी तिथे शाळाच नव्हती. मालकांना ती नकोच होती, कामगारांना हिशेब कळला असता ना! मेंडिस पुढे मोठेपणी वाचायला शिकले. 1981 च्या सुमारास तिथे चीक काढणाऱ्यांच्या वस्त्यांवर शाळा निघाल्या आणि वाचायचे धडे त्यांच्या रोजच्या कामावरूनच बांधले गेले. गुरांच्या कुरणांसाठी जंगल तोडायला आडवे आले म्हणून 22 डिसेंबर 1988 ला मेंडिस यांना गोळी घातली. 1990 मध्ये त्यांच्या नावानं तिथलं जंगल राखीव झालं, आणि त्यात चीक नि ब्राझील नट गोळा करायचा तिथल्या लोकांचा हक्क कायम राहिला.

2006 चा वनहक्क कायदा आला, तेव्हा मोजणीला तुम्हीच पुढे होतात. कागदावर काही नसताना हद्दीचं एकेक झाड दाखवलंत. मुलांना तेच दाखवा. तिकडे वर्षातले बहुतेक महिने पाऊस, आपल्याकडे चारच महिने. सागाची आणि ऐनाची झाडं उन्हाळ्यात पानं गाळून उघडी पडतात, ओहोळ आटतो. ब्राझीलचा धडा आपल्या रानाला जसाच्या तसा लागत नाही. कुठला झरा कधी आटतो, गुरं कुठे न्यायची, कुठल्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही, हे मी शिकवू शकत नाही. मला ते तुमच्याइतकं येतच नाही.

तर दिवाळीची सुट्टी संपली की शनिवारी मुलांना घेऊन येते. एक मुक्काम करू, म्हणजे कंद रात्रभर ओहोळात राहील. आई, स्वयंपाकाचा घाट घालू नकोस, नागलीचं पीठ आणि डाळ आम्ही आणतो. मुली तुझ्याबरोबर कंद काढायला येतील, मुलगेही येतील. बाबा, गुडघा दुखत असेल तर वरच्या माळापर्यंत जायचं नाही. ओहोळापाशी बसूनच सांगा. कंद कुठल्या आठवड्यात काढायला येतील तेवढं कळवा, म्हणजे पालकांची संमतीपत्रं आधी घेऊन ठेवते.

तुमची,
ताई