क्लू समजावून सांगणाऱ्या काकांना जाहीर थँक्यू

काका, नमस्कार.

जाहीर वगैरे काही केलेलं तुम्हाला आवडत नाही माहितीये, पण व्हॉट्सॲपवर थँक्यू टाकलं की तुम्ही एक अंगठा पाठवून विषय संपवणार, म्हणून इथे लिहितेय, आणि नाव कुठेच घालत नाहीये त्यामुळे रागवायला जागा नाही. वाचणाऱ्यांसाठी एवढंच सांगते की हे माझ्या मैत्रिणीचे बाबा, रोज एक क्रिप्टिक क्रॉसवर्ड सोडवतात आणि मग त्यातला कुठलाही क्लू कुणालाही समजावून सांगतात, समोरच्याने विचारलं असो वा नसो.

आता थँक्यू नक्की कशाबद्दल. उत्तरं सांगितल्याबद्दल म्हणावं तर तुम्ही आजपर्यंत मला एकही उत्तर सांगितलेलं नाही, कितीही गयावया केली तरी. उत्तर तर आजकाल नेटवर सेकंदात मिळतं, पाच अक्षरी शब्द, दुसरं अमुक, चौथं तमुक, टाकलं की यादी हजर. पण ते उत्तर का, क्लूमधला प्रत्येक शब्द तिथे काय करतोय, हे सांगणारा माणूस मिळणं अवघड आणि तो न कंटाळता सांगणारा असणं त्याहून अवघड. तुम्ही पहिल्यांदा मला क्लूचा फोटो पाठवलात त्यावर पेन्सिलीने नुसत्या खुणा होत्या, डेफिनिशनखाली, म्हणजे सरळ अर्थाच्या शब्दांखाली, दोन रेघा, ज्या अक्षरांची उलथापालथ करायची त्याखाली एक रेघ, उलथापालथ करा असं सांगणाऱ्या शब्दाभोवती गोल, आणि खाली तीन शब्द, "आता एकही उरला?" म्हणजे क्लूमधला एकही शब्द खुणेवाचून उरला का ते बघ. नव्हता उरला. मला तेव्हा तो सगळा प्रकार डोक्यात बसला, आधी जे वाचलं होतं ते सगळं नुसतं वाचलेलं होतं.

ज्यांना क्रिप्टिक म्हणजे काय माहीत नाही त्यांच्यासाठी काकांच्याच पद्धतीने सांगते. साध्या शब्दकोड्यात अर्थ दिलेला असतो, तुम्ही शब्द लिहिता, संपलं. क्रिप्टिकमध्ये एका वाक्यात दोन वाटा असतात, एक सरळ अर्थ म्हणजे डेफिनिशन आणि दुसरी त्या शब्दाच्या अक्षरांशी केलेली खेळी, आणि दोन्ही वाटा एकाच उत्तराला पोचल्या पाहिजेत. डेफिनिशन वाक्याच्या सुरुवातीला असते नाहीतर शेवटी, मध्ये कधीच नाही, हा नियम एकदा कळला की अर्धी भीती जाते. आणि वाक्य वरवर वाचलं तर तिसरंच काहीतरी सांगत असतं, त्याला म्हणतात सरफेस, ते निव्वळ फसवायला असतं, काकांच्या भाषेत "गोष्ट ऐकू नकोस, अक्षरं बघ".

दोन जुने, सगळ्यांना पाठ असलेले नमुने आहेत, त्यांत वेगळी डेफिनिशन नाही, नुसती खेळी आहे. क्लू म्हणून फक्त एच, आय, जे, के, एल, एम, एन, ओ एवढी अक्षरं दिलेली, कंसात ५, म्हणजे उत्तर पाच अक्षरी. उत्तर वॉटर, कारण एच पासून ओ पर्यंत, म्हणजे एच टू ओ. दुसऱ्यात नुसतं जी, ई, जी, एस, कंसात ९ आणि ४. उत्तर स्क्रॅम्बल्ड एग्ज, कारण एग्जचीच अक्षरं ढवळलेली आहेत. हे कळलं की माणूस आधी हसतो आणि मग चिडतो, माझं अजून तसंच होतं.

पण या खेळाची खरी कटकट म्हणजे त्यातली गुप्त भाषा. फ्लॉवर म्हणजे फूल असेलच असं नाही, फ्लो होणारी ती फ्लॉवर, म्हणजे नदी. नंबर म्हणजे नम्ब, म्हणजे बधिर, करणारं काहीतरी. क्रिकेटमुळे आपल्याला थोडं सोपं जातं, डक म्हणजे ओ, मेडन म्हणजे एम, कॉट म्हणजे सी, लेग म्हणजे ऑन. मॉडेल म्हणजे टी का हे मला रात्री उशिरा तुमच्या मेसेजवरून कळलं, १९०८ साली आलेली फोर्डची मॉडेल टी गाडी, शंभर वर्षं उलटली, गाडी रस्त्यावरून गेली पण क्रॉसवर्डमधून जायला तयार नाही. राणी म्हणजे ईआर, एलिझाबेथ रेजिना, हे इतकं अंगवळणी पडलेलं की २०२२ नंतर राजा आला तरी सेटर लोक, म्हणजे कोडी रचणारे, ईआर सोडायला तयार नाहीत. ही सगळी यादी पाठ करायला लावली असती तर मी दुसऱ्या दिवशी पळून गेले असते, तुम्ही एकेक गोष्ट तेव्हाच सांगितलीत जेव्हा ती लागली.

तुमची एक सवय मी चोरली आहे. उत्तर आडव्या-उभ्यातून आपोआप भरलं जातं, शब्द बरोबर आहे हे दिसतं, पण क्लू अजून सुटलेला नसतो, अशा वेळी तुम्ही चौकोनाच्या कोपऱ्यात बारीकसं प्रश्नचिन्ह काढता. ग्रिड पूर्ण भरलेली असली तरी ते प्रश्नचिन्ह खोडलं जात नाही तोवर तुमच्या लेखी क्रॉसवर्ड संपलेला नसतो. पेपर रद्दीत जायची वेळ आली तरी तुम्ही त्याच्यावर बसून असता असं काकू म्हणतात. उत्तरावरून मागे चालत जाऊन सेटरने ते कसं बांधलं असेल हे शोधणं मला तर सोडवण्यापेक्षा जास्त कठीण वाटतं, आणि जास्त मजेचंही.

मग तुम्ही मराठीत क्लू करायला घेतलेत आणि तिथे मला खरी गंमत कळायला लागली. इंग्रजीत सुटी सुटी अक्षरं हलवता येतात, आपल्या कोड्यात एका चौकोनात अख्खं अक्षर बसतं, काना मात्रा वेलांटीसकट, जोडाक्षर असेल तर तेही एकाच चौकोनात, त्यामुळे ॲनाग्राम, म्हणजे अक्षरं उलथीपालथी करून होणारे शब्द, फार थोडे सापडतात. पण सापडला तर काय सापडतो! तुमचा हा क्लू मी येईल त्याला ऐकवते: "उलटसुलट करून विकता वृत्तात बसलेली (३)". वाचणाऱ्याला वाटतं बातम्यांच्या धंद्यावर टोमणा आहे. वृत्त मात्र इथे छंदातलं आहे. वि-क-ता ही अक्षरं उलटसुलट केली की क-वि-ता, आणि वृत्तात बसलेली म्हणजे कविता. एकही शब्द फुकट नाही. मी हे उत्तर कळल्यावर किती वेळ नुसतीच त्या वाक्याकडे बघत बसले होते.

बाकीचे पण सांगून टाकते, सोडवायचे असतील त्यांनी पुढची ओळ झाकून वाचा. "माता रागावली, आत चमकणारा (२)". "नदी उलटी वाहिली, बिचारा (२)". "देवाने दिलेला नवरा (२)". पहिल्यात शब्द लपलाय, माता रागावली यातलं मधलं ता आणि रा, तारा. दुसऱ्यात नदी उलटी केली की दीन. तिसऱ्यात अक्षरांची खेळी नाहीच, दोन डेफिनिशन शेजारी शेजारी उभ्या आहेत, देवाने दिलेला तो वर आणि नवरा तोही वर. हा तिसरा काकूंनी दोन सेकंदात सोडवला आणि वर म्हणाल्या की देवाने दिलेला असता तर तक्रार करता आली असती.

आणि वादळाचा क्लू. "छान! पीठ कर, जोराचा वारा (३)". छान म्हणजे वा, पीठ कर म्हणजे दळ, मिळून वादळ. तुमच्या पहिल्या कागदावर शेवटी "सुटलाय" होतं, "जोराचा वारा सुटलाय", ते तुम्ही नंतर खोडलंत. मी म्हटलं राहू द्या ना, वाक्य किती छान वाटतंय, जात्यावर बसलेल्या बाईची घाई दिसते त्यात. तुम्ही म्हणालात, "सुटलाय काय काम करतो?" काहीच नाही करत. वादळ म्हणजे जोराचा वारा, जोराचा वारा सुटलाय म्हणजे वादळ नव्हे. वाक्य थोडं लंगडं झालं पण क्लू प्रामाणिक झाला. त्या दिवसापासून मला मेल लिहितानाही हा प्रश्न छळतो, या शब्दाचं इथे काय काम, आणि माझे मेल अर्धे झालेत, ऑफिसमधले लोक तुम्हाला ओळखत नाहीत पण त्यांचेही आभार यात धरा.

छळ म्हटल्यावर आठवलं. हे सेटर लोक स्वतःच्या कामाबद्दल किती प्रामाणिक आहेत बघा, १९२६ पासून ऑब्झर्व्हर या ब्रिटिश पेपरमध्ये कोडी घालणारे पॉविस मॅदर्स यांनी टोपणनाव घेतलं टॉर्कमाडा, म्हणजे स्पेनच्या धर्मन्यायालयाचा तो कुप्रसिद्ध मुख्य. त्यांच्यानंतर आलेले मॅकनट झिमेनीझ झाले, तोही त्याच पदावरचा. आणि १९७२ पासून आलेले अझेड म्हणजे ए, झेड, ई, डी, ही अक्षरं उलटी वाचली की देझा, परत तोच धंदा करणारा तिसरा माणूस. वर ए टू झेडही झालं. टोपणनावातच क्लू! हे तुम्ही सांगितलं तेव्हा मी दाद दिली होती ती मनापासून होती, तुम्हाला वाटलं मी विषय बदलतेय.

एका बाबतीत मात्र मी तुमच्या बाजूची नाही हे इथे सगळ्यांसमोर सांगते. तुम्ही पक्के झिमेनीझवाले. आफ्रिट या नावाने कोडी करणाऱ्या सेटरने १९४९ मध्ये नियम घातला होता की सेटर जे म्हणतो तेच त्याच्या मनात असलं पाहिजे असं नाही, पण जे मनात आहे ते त्याने शब्दांत म्हटलेलं असलंच पाहिजे, आणि झिमेनीझने त्यावर अख्खी शिस्त उभारली, व्याकरण चोख, फालतू शब्द नाही, सोडवणाऱ्यावर अन्याय नाही. मान्य आहे. सगळं मान्य आहे. पण मला गार्डियन या ब्रिटिश पेपरचे सेटर अराउकारिया जास्त आवडतात, जे नियम थोडे सैल सोडायचे आणि त्या बदल्यात असं काहीतरी द्यायचे की माफ करावंसं वाटायचं. तुम्ही त्यांच्या एखाद्या क्लूखाली दोन रेघा मारता मारता थांबता आणि "हे चालणार नाही" म्हणता तेव्हा मला दिसतं ना की तुम्ही हसताय.

त्यांचं ते २०१३ च्या जानेवारीतलं कोडंही तुम्हीच मला दाखवलंत. धर्मोपदेशक असलेले हे गृहस्थ, वय ९१, आपल्याला कॅन्सर झालाय ही बातमी वाचकांना कशी द्यावी, तर कोड्यातून. कॅन्सर, इसोफेगस म्हणजे अन्ननलिका, असे शब्द ग्रिडमध्ये एकेक करून भरायचे, म्हणजे बातमी वाचायची नाही, आपल्या हाताने सोडवायची. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते गेले. तुम्ही तो एक क्रॉसवर्ड मला समजावून सांगितला नाहीत, फक्त ग्रिड दिलीत आणि म्हणालात सावकाश कर. त्याबद्दल वेगळं थँक्यू.

आणि एक गोष्ट जी कदाचित तुमच्या लक्षातही नसेल. तुम्हाला एखादा क्लू समजला नसेल तर तुम्ही सरळ "मला नाही लागला" म्हणता. ओढूनताणून अर्थ लावत नाही, सेटरने चूक केली असंही लगेच म्हणत नाही. मग मी काहीतरी अर्धवट सुचवते, तुम्ही ते कागदावर लिहून घेता, माझ्यासमोर, पेन्सिलीने, आणि म्हणता "हां, इथून बघू". वयाने एवढा मोठा माणूस आपलं म्हणणं लिहून घेतोय हे बघून मला इतकं भारी वाटतं की मी पुढचा क्लू दुप्पट जोर लावून सोडवते.

आता हा क्लू तुमच्यासाठी, मी केलेला, स्पष्टीकरण देणार नाही, ते तुमचं काम: "वासलेलं तोंड, पुढे ओझं, मानावे तेवढे थोडे (३)". "पुढे" काय काम करतो असं विचाराल, तर तो क्रम सांगतो, तयारी करूनच आलेय मी. डेफिनिशन बोलीतली आहे म्हणून नाक मुरडू नका.

बाकी कालचा १७ आडवा मला लागलेला नाही. तिसरं अक्षर आर आहे, शेवटचं ई. उत्तर नकोच आहे, फक्त डेफिनिशन पुढे आहे की मागे तेवढं कळवा, आणि काकूंना नमस्कार सांगा.

तुमची,
प्रश्नचिन्हवाली