तळाचा हिरा कोणाच्या वजनाने सरकला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या आरोग्य पुरवणीतला औषधांच्या पुराव्यावरचा लेख वाचला. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या चाचण्या आणि नुसत्या नोंदींवरून केलेले अभ्यास एकत्र केल्यामुळे रुग्णसंख्या लाखावर गेली, म्हणून निष्कर्ष भक्कम, असा त्यातला सूर होता. त्या वाक्याखाली मी पेन्सिलीने रेघ मारली आणि समासात लिहिलं, ‘वजन कोणाचं?’ आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं, निवृत्तीनंतर अनेक अभ्यास एकत्र करणाऱ्या अशाच आढाव्यांसाठी शोधनिबंधांतले आकडे तक्त्यात भरत बसले. खोड जात नाही.

गणित सोपं आहे. समजा पाच चाचण्या, प्रत्येकीत हजार माणसं. आणि नोंदींवरचा एकच अभ्यास, लाख माणसांचा. आजाराचं प्रमाण सगळीकडे सारखं धरलं, तर साध्या पद्धतीत ९५ टक्क्यांच्या आसपास वजन, म्हणजे एकत्रित उत्तरातला वाटा, त्या एकट्याला मिळतं. आलेखात प्रत्येक अभ्यासाचा एक चौकोन असतो आणि तळाशी एकत्रित उत्तराचा हिरा. मोठा चौकोन जिकडे, हिरा तिकडे. आणि हे वजन कशाचं, तर आकडा किती स्थिर आहे याचं. तो मुळातच चुकीच्या जागी स्थिर झालाय का, हे वजनाला कळत नाही. प्रत्येक अभ्यासाचं खरं उत्तर थोडं वेगळं असू शकतं असं धरणारं रँडम इफेक्ट्स मॉडेल लावलं तर वजनं जराशी सारखी होतात, चूक मात्र आत तशीच राहते.

ही चूक शिरते कशी, ते माझ्यावरूनच सांगते. पाळी गेल्यावर रात्री घामाने उशी भिजायची. डॉक्टरांनी हार्मोनच्या गोळ्या लिहून दिल्या आणि वर म्हणाले, “हृदयालाही चांगल्या.” त्यांचं तेव्हा चुकलं नव्हतं. बायकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून केलेल्या अभ्यासांत गोळ्या घेणाऱ्यांना हृदयविकार साधारण ३५ ते ५० टक्क्यांनी कमी दिसत होता. पण गोळ्या घेणारी मी कोण होते? रोज तासभर चालणारी, सिगारेट न ओढणारी, रक्तदाब वहीत लिहून ठेवणारी, औषधाचा खर्च झेपणारी. माझं हृदय गोळीने सांभाळलं की चालण्याने, हे नोंदींना कसं कळावं?

मग २००२ साली विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या अमेरिकेतल्या मोठ्या प्रकल्पाची याच हार्मोनच्या गोळ्यांवरची चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. १६,६०८ बायका, कोणाला इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन, कोणाला बिनऔषधी गोळी, हे चिठ्ठीवर ठरलेलं. हृदयविकार कमी व्हायच्या ऐवजी २९ टक्क्यांनी जास्त निघाला. माझ्या गोळ्या त्याच आठवड्यात बंद झाल्या. घाम परत सुरू झाला, ते असो.

बहुतेक जण ही गोष्ट इथेच थांबवतात. २००८ साली काही संशोधकांनी नर्सेस हेल्थ स्टडी या परिचारिकांवरच्या नोंदींच्या अभ्यासाची जुनीच आकडेवारी चाचणी असल्यासारखी मांडली, म्हणजे गोळी सुरू झाली त्या काळापासून मोजणी केली. पाळी जाऊन किती वर्षं झाली होती आणि पुढे किती काळ लक्ष ठेवलं, हे फरक जमेस धरल्यावर चाचणी आणि नोंदी यांच्यातली तफावत बरीचशी मिटली. आधीच दोन्ही आकडे एका हिऱ्यात कोंबले असते, तर मधलंच काहीतरी उत्तर आलं असतं आणि ही तफावत कशामुळे, हे शोधायला कोणी गेलंच नसतं.

म्हणूनच नोंदींवरचा अभ्यास हाती आला की मी आधी घड्याळ बघते. ‘औषध घेणारे’ म्हणजे सहा महिन्यांत कधीतरी औषध घेतलेले, पण दिवस मात्र रुग्णालयातून घरी सोडल्यापासून मोजलेले, असं लिहिलेलं असलं की पेन्सिल थांबते. तिसऱ्या आठवड्यात, औषध सुरू व्हायच्या आत वारलेला माणूस आपसूक ‘न घेणाऱ्यां’च्या रकान्यात जातो. घेणाऱ्याला मात्र ते घेईपर्यंत जिवंत राहणं भागच होतं. औषध पाण्यासारखं निरुपयोगी असलं तरी अशा तक्त्यात ते जीव वाचवताना दिसेल.

चाचणी नाही म्हणजे पुरावाच नाही, असं म्हणणाऱ्यांशीही माझं पटत नाही. रोटाव्हायरसवरची रोटाशील्ड लस अमेरिकेत १९९८ मध्ये मंजूर झाली. मंजुरीआधीच्या चाचण्यांत लस दिलेल्या १०,०५४ बाळांपैकी पाचजणांत आणि न दिलेल्या ४,६३३ पैकी एकात आतड्याचा भाग आतड्यात शिरून अडकला होता. पाचाला एक, योगायोग म्हणून सोडून द्यावं इतकंच. वापर सुरू झाल्यावर तक्रारींच्या नोंदी आल्या, आजारी आणि निरोगी बाळांची तुलना झाली, धोका सुमारे दहा हजारांत एक असा निघाला आणि १९९९ मध्ये लस मागे घेतली गेली. नंतरच्या दोन लसींच्या चाचण्यांत प्रत्येकी साठ हजारांहून जास्त बाळं घ्यावी लागली, ती यामुळेच. इतका विरळ धोका नोंदींमुळेच हाती लागला.

त्यामुळे माझा आक्षेप दोन्ही प्रकार आढाव्यात घेण्याला नाही. दोन्ही घ्या, पण हिरे दोन काढा. असे आढावे करणाऱ्या कॉक्रेन संस्थेचं हँडबुकही या दोहोंची बेरीज एकाच हिऱ्यात, म्हणजे एकाच मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये करू नका असंच सांगतं. नोंदींवरच्या अभ्यासातला पक्षपात, म्हणजे उत्तर एका बाजूला झुकवणारी चूक, जोखायला २०१६ पासून रॉबिन्स-आय हे साधन आहे. त्यातल्या सात बाबींपैकी पहिलीच, औषध घेणारे आणि न घेणारे मुळात सारखे होते का, ही माझ्या चालण्याला लागू पडते.

लेखकांना एवढीच विनंती, की त्या आढाव्यातल्या चाचण्यांचा आकडा किती आणि नोंदींवरच्या अभ्यासांचा किती, हे पुढच्या रविवारी वेगवेगळं छापावं. दोन ओळींची जागा पुरेल. मी पेन्सिल घेऊन बसतेच.

आपली,
एक निवृत्त संख्याशास्त्र अध्यापिका