पोराला पाठवू का, बंड्या?

विनिपेग, कॅनडा,
3 ऑगस्ट 2025

प्रिय बंड्या,

तुझ्या मेसेजना उत्तर दिलं नाही म्हणून रागावलास ते कळलं. पण हे मेसेजमध्ये मावणारं नाही आणि घरात तर बोलायचीच चोरी झालीय. मी विषय काढला की ही डोळ्यांना पदर लावते, पोरगा दार आपटून खोलीत जातो. आता दोघं झोपलीत. माझी तब्येत ठीक, बीपीची गोळी चालू आहे. आईचे गुडघे तसेच.

पोराला फ्लिन फ्लॉन बॉम्बर्स या आइस हॉकी संघाच्या सराव शिबिराचं बोलावणं आलंय. महिनाअखेरीला जायचं. निवड झाली तर वसंत येईपर्यंत मुक्काम तिथंच, एका अनोळखी कुटुंबात, तिथल्याच शाळेत बारावी करायची. इथून उत्तरेला साडेसातशे किलोमीटरच्या पुढे. वय सतरा. आणि त्याच्या शुगरचं तुला सगळं ठाऊक आहे.

तू म्हणशील आइस हॉकी म्हणजे धिप्पाड पोरांनी एकमेकांना फळ्यांवर आदळायचं, त्यात कसला जीव अडकवायचा. आधी त्या गावाचं ऐक, मग काय ते बोल. फ्लिन फ्लॉन म्हणजे मॅनिटोबा आणि सस्काचेवानच्या हद्दीवर, नुसत्या कातळावर वसलेलं गाव. वस्ती जेमतेम 5 हजार. तांबं आणि जस्ताच्या खाणीवर सगळं उभं राहिलं. 2010 मध्ये तांब्याची भट्टी बंद झाली, 2022 मध्ये शेवटची मोठी खाणही. आपल्याकडे गिरणी बंद पडली की गावाची तालीमही ओस पडते, ते आपण पाहिलंय. इथं खाण गेली, पण संघ राहिला. 1927 पासून बॉम्बर्स आहेत. 1957 मध्ये या एवढ्याशा गावानं ज्युनियर हॉकीतला देशातला सर्वांत मोठा मेमोरियल कप जिंकला. समोर ओटावाचा बलाढ्य संघ, सात सामन्यांची मालिका, काही सामने फ्लिन फ्लॉनला, काही रेजायनाला, आणि निकाल 4-3. राजधानीचा संघ खाणकामगारांच्या गावाकडून हरला! मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा तुझीच आठवण झाली. फलटणला खो-खोच्या सामन्याला तो पुण्याचा संघ आला होता, नव्या कोऱ्या बुटांतला, आणि तू शेवटच्या मिनिटाला खांबाजवळ सूर मारलास.

तो गडी तुझ्या हाताला लागला नव्हता, हे मी आजही म्हणेन. पंचांनी दिला म्हणून बाद. तू कितीही शपथा घे.

तर त्यांचं मैदान म्हणजे व्हिटनी फोरम, 1958 मध्ये उघडलं. मागच्या हिवाळ्यात पोराला घेऊन सामना बघायला गेलो होतो. बाहेर पापण्यांवर बर्फ धरत होता आणि आत सगळं गाव मरून रंगाचे स्वेटर घालून बसलेलं. शेजारच्या आजीबाईंनी मला थर्मासातली कॉफी दिली आणि कुठला खेळाडू कुणाच्या घरी राहतो, काय खातो, गणितात कसा कच्चा आहे, सगळं सांगितलं. मोठ्या सामन्यात बर्फावर मूसची अख्खी तंगडी फेकायची रीत आहे तिथं. मूस म्हणजे इथलं घोड्याएवढं हरीण. खरीखुरी तंगडी, केसांसकट. काकूंना हे वाचून दाखवू नकोस, पत्रावर गोमूत्र शिंपडतील.

पण पोरगा त्या गावासाठी वेडा झालाय तो तंगडीमुळे नाही, बॉबी क्लार्कमुळे. क्लार्क त्याच गावचा, 1949 चा जन्म. बाप खाणीत ड्रिलवर. शाळेत असतानाच टाइप वन डायबिटीस झाला, रोज इन्सुलिन टोचायचं. तेव्हा ना शुगर मोजणारा सेन्सर, ना इन्सुलिनचा पंप, ना घरी बोट टोचून शुगर बघायचं यंत्र. तरी बॉम्बर्सकडून खेळला आणि 1969 मध्ये संघाला वेस्टर्न कॅनडा लीगचं विजेतेपद मिळवून दिलं. गुणांच्या यादीत त्याच्या आसपास कोणी नसायचं. पण मोठे संघ घ्यायला तयार नाहीत, कारण डायबिटीस. मग त्याचा कोच पॅट जिनेल त्याला घेऊन थेट अमेरिकेत मेयो क्लिनिकला गेला आणि पोरगा नीट काळजी घेईल तर खेळू शकतो, असं डॉक्टरांकडून लिहून आणलं. तो कागद दाखवूनसुद्धा, मोठे संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा पहिल्या फेरीत त्याला कोणी घेतलं नाही. ज्या फिलाडेल्फियाच्या संघानं त्याला शेवटी घेतलं, त्यांनीही आधी दुसराच पोरगा निवडला, क्लार्कचा नंबर सतरावा लागला. पुढे तोच त्यांचा कप्तान झाला, 1974 आणि 1975 मध्ये स्टॅनली कप, म्हणजे व्यावसायिक हॉकीतला सर्वांत मोठा कप, जिंकला, 15 हंगामांत 1144 सामने खेळला.

हे सगळं पोराला तोंडपाठ आहे. जेवताना ऐकवतो. मी मात्र पुढचं वाचलंय. फिलाडेल्फियाच्या पहिल्याच शिबिरात क्लार्क सकाळी न खाता बर्फावर उतरला आणि शुगर उतरून कोसळला, झटके आले. त्यानंतर तिथल्या ट्रेनरनं त्याचं खाणंपिणं बांधून दिलं. सामन्याआधी साखर घातलेला कोक, मध्यंतरात संत्र्याचा रस, आणि जवळ कायम ग्लुकोज. त्या ट्रेनरनं पोरगं वाचवलं म्हण. पण पहिल्या दिवशी, तो पडला तेव्हा, कोणाला काय माहीत होतं?

झटके म्हटल्यावर तुला काय आठवलं असेल ते मला कळतंय.

बंड्या, तू मैदानावर पडलास तेव्हा मी तुझ्या डोक्याखाली शर्ट धरला होता. कोणी कांदा शोधत होतं, कोणी चप्पल. मास्तरांनी दुसऱ्या दिवशी तुझं नाव कापलं आणि राज्य शिबिराचं पत्र काकूंनी चुलीत घातलं. मी तेव्हा म्हणालो, काकूंचं बरोबर आहे. त्यावर तू माझ्याशी बोलणं टाकलंस, माझ्या मुंजीतही आला नाहीस. अजूनही मला वाटतं, बाई चुकली नाही. गोळ्या नुकत्या सुरू झालेल्या, गावात धड डॉक्टर नाही, तिनं काय करायचं होतं? पण शिबिराला जाणारी एसटी सुटताना तू स्टँडवर उभा होतास, तो चेहराही मी पाहिलाय. आता तोच चेहरा माझ्या घरात जेवायला बसतो.

त्याच्या दंडावर सेन्सर आहे. शुगर खाली गेली की माझ्या फोनवर गजर होतो. परवा रात्री 3.1, म्हणजे आपल्याकडचे 56. मी धावत गेलो. पोरगा घामानं भिजलेला, डोळे मिटलेले, गजर उशाशी वाजतोय आणि याला पत्ता नाही. ज्यूसच्या डब्याची नळी दातांत धरवली, तशीच झोपेत ओढली त्यानं. सकाळी म्हणतो, मला काही आठवत नाही. फ्लिन फ्लॉनला रात्री दोनला कोण उठणार? ज्या घरी राहील त्या बाईंशी व्हिडिओवर बोललो. फार समजूतदार वाटल्या. ग्लुकॅगॉन, म्हणजे शुगर फार उतरली की द्यायचं औषध, कसं द्यायचं ते शिकून घेते म्हणाल्या, वहीत लिहून घेतलं. पण झोप कोणाची किती गाढ असते, हे व्हिडिओवर दिसत नाही ना.

हिची भीती वेगळीच. बसची. बॉम्बर्स खेळतात त्या सस्काचेवानच्या ज्युनियर लीगमध्ये प्रवास फार, एकेका सामन्यासाठी रात्र रात्र बस. 6 एप्रिल 2018 ला याच लीगमधल्या हम्बोल्ट ब्रॉन्कोस संघाची बस निपावनला सामन्याला निघाली होती. वाटेतल्या चौकात ट्रक आडवा आला. 16 जण गेले, 13 जखमी. ट्रक चालवणारा आपल्या भारतातूनच आलेला तरुण, त्या नोकरीत नवखा. त्या आठवड्यात देशभर लोकांनी अंगणात, ओट्यावर हॉकीच्या काठ्या उभ्या करून ठेवल्या. आम्हीही ठेवली, पोराची लहानपणची. ही आजही तो चौक नकाशावर शोधून बघते. तिला मी काय समजावणार?

त्यात यंदा मेअखेरीला वणवा पेटला आणि सगळं फ्लिन फ्लॉन रिकामं करावं लागलं, जवळजवळ महिनाभर. गाव वाचलं, शेजारच्या डेनारे बीचची घरंच्या घरं जळाली. मला वाटलं, चला, शिबिर रद्द होईल, आपोआप सुटलो. लोक परतले आणि तयारीला लागलेसुद्धा. 1993 नंतर लीगचं विजेतेपद नाही, 2023 आणि 2024 ला अंतिम फेरीत येऊन हरले, तरी त्यांचा हुरूप बघ.

डॉक्टर म्हणतात पाठवा. कोच म्हणतो जबाबदारी आमची. सल्ला सगळे देतात, पण यातला एकही तुझ्यासारखा घरी ठेवला गेलेला नाही.

तुझ्या डाळिंबाला यंदा तेल्या लागला नाही ना? वहिनींची बदली झाली का? धाकटीच्या स्थळाचं मनावर घ्या, मुलगा चांगला वाटला फोटोत. गणपतीला मला यायला जमत नाही, वर्गणी पाठवतो.

आता काम सांगतो. शिबिराच्या अर्जावर बापाची सही लागते, 15 तारखेपर्यंत. त्याआधी तू पोराला फोन कर. तो तुला बंडूकाका म्हणून फार मानतो. खो-खोचं सांग, झटक्यांचं सांग, काकूंनी पत्र जाळलं तेही सांग, लपवू नकोस. रात्री उठायचं कसं, सोबत्यांना आपलं दुखणं सांगायचं कसं, हे त्याला विचार, आणि तो काय म्हणतो ते नीट ऐक. तो तयार आहे असं तुला वाटलं तर मला फक्त ‘कर सही’ एवढं कळव, हिची समजूत मी काढतो. नसेल वाटत तर तेही स्पष्ट कळव. आणि काकूंवरचा राग अजून आहे का तुझा, तेवढं मात्र सविस्तर लिही, हाताने, पत्रात.

इथले सकाळचे दहा म्हणजे तुझे रात्री साडेआठ. शनिवारी तो घरी असतो.

तुझा,
भाऊ