चार आण्यांचा प्रश्न

सावई-वेरे, श्रावणातला शेवटचा सोमवार

चि. सौ. मेधा हिस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर मी मृत्युपत्राचा विषय काढला आणि तू म्हणालीस, "मला काही नको बाबा, सगळं प्रसादला द्या. आणि असलं अभद्र बोलू नका." मग फोन आईकडे गेला, तिने पावसाचं काढलं, आणि माझं बोलणं राहिलंच. म्हणून पत्र लिहितो आहे.

अगं बाय, "नको" हे तुला आत्ता म्हणताच येत नाही. जिवंत माणसाच्या वारशावरचा हक्क सोडायला आपला गोव्याचा कायदा परवानगीच देत नाही. मी गेल्यावर खुशाल सोड. पुण्यातल्या मैत्रिणींच्या घरचे हिशेबही इथे लावू नकोस. आपल्याकडे १८७० पासून पोर्तुगीज नागरी संहिता. वारशासाठी आता गोव्याचा २०१२ चा कायदा आहे, तो २०१६ च्या डिसेंबरात लागू झाला, पण गाभा जुनाच. मुलगा-मुलगी सारखे. कोथरूडचा फ्लॅट महाराष्ट्रात आहे म्हणून सुटेल असं मलाही वाटायचं. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने तेही मिटवलं: गोमंतकीयाची मालमत्ता भारतात कुठेही असो, वारसा इथल्याच कायद्याने.

आता रुपयाचा हिशेब मांड. आमचं लग्न मालमत्तेच्या वेगळ्या करारनाम्याशिवाय झालेलं, त्यामुळे सोळातले आठ आणे तुझ्या आईचे आहेतच. कुळागर, म्हणजे आपली नारळी-पोफळीची बाग, माझ्या नावावर असलं तरी. ते मी देतो आहे असं नाही. माझ्या आठांतले चार तुम्हा दोघा भावंडांचे, दोन-दोन, ते मला कापता येत नाहीत. (तुझ्या दोनातला एक जावईबापूंचा, प्रसादच्या दोनातला एक सूनबाईचा. सह्यांच्या वेळी सगळे हजर हवेत.) उरले चार आणे. एवढेच माझ्या मर्जीचे.

हे चार प्रसादला द्यावेत असं मनात आहे. उन्हाळ्यात पाटाचं पाणी बागेत फिरवायला पहाटे तो उठतो, नारळ काढणारा पाडेली आला नाही तर चार घरं तोच हिंडतो, सुपारीला रोग पडला की जेवण त्याला जात नाही. पण मी हे गुपचूप लिहून ठेवलं आणि नंतर तुला वाचून दाखवलं गेलं, तर तुला चार आण्यांपेक्षा ते गुपचूप लिहिणं लागेल. मला तुझ्या तोंडून ऐकायचं आहे. राग आला तरी चालेल, समोर मी असेन.

आजोबा गेले तेव्हा कागद नव्हता. इन्व्हेंटरी, म्हणजे वाटणीचा कोर्टातला दावा, घातली. तू पाचवीत होतीस, कॉलेजात गेलीस तेव्हा संपली. यादीत घर, कुळागर, शेत, आणि त्यांच्या खाली "पितळी समया, जोड एक", पुढे रुपयांत किंमत. आजी ज्यांत रोज तेल घालायची त्याच. मग लिसिटेशन, म्हणजे भावाभावांतला लिलाव. थोरले काका आणि मी एकाच बाकावर. माझा वकील आकडा सांगायचा, त्यांचा वकील वर चढवायचा. काकांना कुळागर नको होतं, त्यांना मडगावात दुकान टाकायला रोख हवी होती. मी जितका वर जाईन तितके त्यांच्या हाती जास्त पैसे पडणार होते. हे मला बाकावर बसून कळलं. आजोबांनी आम्हाला पडवीत बसवून एकदा विचारलं असतं, तर अर्ध्या तासाचं काम. कुळागर मला आलं आणि काकांना द्यायच्या रकमेसाठी घेतलेलं कर्ज मी निवृत्तीपर्यंत फेडलं. काका मात्र त्यानंतर चवथीला घरी आले नाहीत. एकदा बाजारात भेटले, नारळाचा भाव विचारून गेले.

माझ्या एका मित्राने कोऱ्या कागदावर दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन मृत्युपत्र केलं आणि कपाटात ठेवून दिलं. आपल्याकडे ते टिकत नाही. स्पेशल नोटरीसमोर करावं लागतं, आणि हा नोटरी म्हणजे चौकातला शिक्का मारणारा नव्हे. सबरजिस्ट्रारच्या कचेरीत तो अधिकार असतो. चवथीचे दिवस गेले की मी फोंड्याला जाणार आहे. जमिनीचे एक-चौदाचे उतारे काढून ठेवलेत.

तेव्हा चवथीला दोन दिवस आधी ये. प्रसादला मी सांगितलं आहे, तोही तुझ्यासारखंच म्हणाला, "बाबा, कशाला आत्ता?" दोघांना एकदम बसवतो. समया कुणाकडे जाव्यात ते मात्र आईला विचार, तिचं काही ठरलेलं दिसतं.

येताना लग्नाच्या दाखल्याची झेरॉक्स आण. गणपतीवर टांगायच्या माटोळीसाठी पुण्याहून काही आणू नकोस, सुपारीचे घोस यंदा आपल्याच झाडांचे आहेत.

तुझे,
बाबा