कॉइल निवडताना व्होल्टआधी ओहम पाहावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या मोटारसायकलींना इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवण्याविषयी आलेला लेख वाचला. पॉइंट (कॉइलचा प्रवाह तोडणारे यांत्रिक स्पर्शक) झिजणे, त्यांची फट कमी-जास्त होणे आणि कंडेन्सरने ऐन रस्त्यात दगा देणे या कटकटींतून सुटका होते, हे लेखकाचे म्हणणे रास्त आहे. मात्र बॅटरीचे व्होल्टेज वाढवून प्लगला ठिणगी देणाऱ्या कॉइलविषयीचे ‘कॉइल 12 व्होल्टची असली की कोणतीही चालते’ हे त्यातील विधान चुकीचे असून, इंदुरात बुलेट, येझदी किंवा राजदूत 350 हौसेने सांभाळणाऱ्या वाचकांना ते नाहक खर्चात पाडील, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

कॉइलवर छापलेला 12 हा आकडा ती कोणत्या बॅटरीवर चालवायची एवढेच सांगतो. तिच्यातून प्रवाह किती वाहील, हे तिच्या प्रायमरी, म्हणजे बॅटरीकडच्या, वेटोळ्याच्या रोधावर (ओहमच्या आकड्यावर) ठरते. पॉइंटच्या काळातील 12 व्होल्टच्या कॉइलचा हा रोध साधारण तीन ते चार ओहम ठेवलेला असे, कारण चार अँपियरच्या आसपासचा प्रवाह तोडणे पॉइंटना झेपे आणि त्यापुढे त्यांची तोंडे जळू लागत. अलीकडच्या इंजेक्शनच्या गाड्यांत कॉइलचा रोध अर्ध्या-पाऊण ओहमपर्यंत खाली आलेला असतो, कारण तिथला संगणक ठिणगीपूर्वी मोजके मिलिसेकंदच प्रवाह सोडतो. तीच कॉइल जुन्या गाडीवरच्या साध्या ट्रान्झिस्टर बॉक्सला (पॉइंटऐवजी प्रवाह तोडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीला) जोडली, तर 12 भागिले 0.6 या हिशेबाने प्रवाह 20 अँपियरकडे धावू लागतो. मग बॉक्स जळतो, आणि दोष मात्र ‘इलेक्ट्रॉनिकचा काही भरवसा नाही’ म्हणून बॉक्सवर येतो.

उलट बाजूची चूक अधिक फसवी असते, कारण तिच्यात काहीच जळत नाही. ब्रिटिश जोडसिलिंडर गाड्यांच्या अनेक इलेक्ट्रॉनिक संचांत दोन कॉइल सिरीजमध्ये (एकीमागे एक) जोडायच्या असतात, आणि म्हणूनच बॅटरी 12 व्होल्टची असतानाही सहा-सहा व्होल्टच्या दोन कॉइल घ्यायला सांगितलेले असते. प्रत्येकीचा रोध 1.7 ओहम धरला तर एकूण 3.4 ओहम होतो आणि हिशेब जमतो. ‘गाडी 12 व्होल्टची, मग कॉइलही 12 च्याच हव्यात’ असे म्हणून साडेतीन-साडेतीन ओहमच्या दोन कॉइल बसवल्या की एकूण रोध सात ओहम होऊन प्रवाह निम्म्यावर येतो. आणि कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे ठिणगीच्या वाट्याला जेमतेम चौथा हिस्सा उरतो. अशी गाडी घरासमोर एका किकमध्ये सुरू होते, राजवाड्यापर्यंत गुमान जाते, आणि खंडवा रस्त्यावर भेरूघाटाच्या चढात थ्रॉटल पूर्ण उघडले की मिसिंग करू लागते, कारण सिलिंडरमधील दाब वाढला की प्लगच्या फटीतून ठिणगी उडवायला अधिक व्होल्टेज लागते. मिस्त्री अशा वेळी कार्ब्युरेटर उघडतात.

सीडीआय (कपॅसिटर डिस्चार्ज इग्निशन) या प्रकाराच्या बाबतीत तर कॉइलचे कामच वेगळे असते. तिथे ऊर्जा कॉइलमध्ये नव्हे, तर शेकडो व्होल्टला भारलेल्या कपॅसिटरमध्ये साठते आणि कॉइल फक्त तो झटका वाढवून प्लगकडे धाडते. म्हणून तिचा प्रायमरी रोध बहुधा एक ओहमच्याही आत असतो. बाहेरून दोन्ही प्रकार इतके सारखे दिसतात की दुकानदाराच्या हातून अदलाबदल होणे अगदी स्वाभाविक आहे.

इंजिनाचा वेगही ध्यानात घ्यावा लागतो. कॉइलमधील प्रवाह कळ दाबताच पूर्ण होत नाही, त्याला काही मिलिसेकंद लागतात. चार हजार फेऱ्यांवर पळणाऱ्या एका सिलिंडरच्या बुलेटला, पॉइंटच्या जागीच पिकअप (ठिणगीची वेळ सांगणारा सेन्सर) बसवलेला असेल तर, दोन ठिणग्यांमध्ये 30 मिलिसेकंद मिळतात. साडेसात हजार फेऱ्यांवरच्या टू-स्ट्रोक राजदूत 350 च्या प्रत्येक कॉइलला आठच. बुलेटवर निवांत चाललेली कॉइल राजदूतवर अपुरी पडते ती यामुळे, आणि ‘मित्राच्या गाडीवर हीच आहे’ हा दाखला त्यामुळेच कुचकामी ठरतो.

शिवाय हा सारा प्रवाह येणार कुठून, याचा लेखात उल्लेखच नाही. ल्यूकसचा जुना सहा व्होल्टचा डायनॅमो 60 वॉटचा होता. तसा डायनॅमो असलेली गाडी 12 व्होल्टवर नेऊन चार अँपियर ओढणारी कॉइल लावली आणि बॉक्स बहुतेक वेळ प्रवाह चालूच ठेवणारा असला, तर 48 वॉटपर्यंतचा भार एकट्या इग्निशनचा होतो. मग रात्री हेडलाइट लावला की बॅटरी हळूहळू उतरते, आणि व्होल्टेज पडल्यावर काही बॉक्सचे टायमिंगही बिघडते. डायनॅमोच्या गाडीसाठी बॉक्स चालवून घेईल तितकी जास्त ओहमची कॉइल घेणे, हेच मला शहाणपणाचे वाटते. मॅग्नेटोवर, म्हणजे बॅटरीविना स्वतःच ठिणगीची वीज तयार करणाऱ्या यंत्रावर, चालणाऱ्या बीएसए एम-20 सारख्या गाड्यांचा प्रश्न निराळा आहे. त्यांच्यात वेगळी कॉइलच नसते, तेव्हा चांगला मॅग्नेटो नव्याने गुंडाळून घ्यावा आणि इलेक्ट्रॉनिकच्या नादी लागू नये.

रोध मोजण्यासाठी साधा मल्टिमीटर पुरतो, पण थोडी काळजी घ्यावी लागते. आधी मीटरच्या दोन्ही सुया एकमेकींना टेकवून दिसणारा आकडा, बहुधा 0.2 ते 0.5 ओहम, टिपून ठेवावा आणि कॉइलच्या मापातून वजा करावा. तीन ओहमच्या मापात अर्ध्या ओहमची चूक लहान नव्हे. माप थंड कॉइलवर घ्यावे. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे 0.4 टक्क्याने वाढतो, त्यामुळे 25 अंशांवर तीन ओहम दाखवणारी कॉइल मे महिन्यातल्या उन्हात, टाकीखाली इंजिनाच्या धगीने 85 अंशांपर्यंत तापली की 3.7 ओहमच्या घरात जाते. ‘गरम झाल्यावर गाडी मरते’ या तक्रारीचे कारण दर वेळी हेच असते असे नाही, पण हवेशीर जागा आणि घट्ट पकड यांनी कॉइलचे आयुष्य वाढते, हे नक्की.

प्लगची वायर हेडपासून बोटभर लांब धरून ठिणगी पाहण्याची आपल्याकडच्या गॅरेजांतली रीतही इलेक्ट्रॉनिक संचावर सोडून द्यायला हवी. ठिणगीला वाट मिळाली नाही की तो दाब कॉइलच्या आतील इन्सुलेशन फोडतो किंवा उलटा बॉक्सवर येतो. प्लग टोपीत बसवून, हेडला नीट टेकवूनच पाहावे. टोपीही पाच किलोओहम रोधाची घ्यावी, कारण जुन्या साध्या टोपीतून उठणारा विद्युतगोंगाट कित्येक बॉक्सना गोंधळात टाकतो.

विक्रेत्यांविषयीही लिहिणे भाग आहे. शहरातील सुट्या भागांच्या दुकानांत मी पाहिलेल्या बहुतेक खोक्यांवर ‘12 व्ही’ आणि ‘हेवी ड्युटी’ एवढेच छापलेले होते. प्रायमरीचा रोध विचारला, तर गाडीचे नाव विचारले जाते. नव्या जावा गाड्या ज्या पीथमपुरात तयार होतात ते इथून तासाभराच्या अंतरावर असताना, जुन्या जावाची कॉइल मात्र आपण अंदाजाने विकत घ्यावी, हे काही भूषणावह नाही. गल्ल्याशेजारी एक मल्टिमीटर ठेवणे आणि गिऱ्हाइकासमोर मोजून ओहमचा आकडा बिलावर लिहून देणे दुकानदारांना अवघड नाही. गिऱ्हाइकानेही इग्निशन संचाचा कागद सोबत न्यावा आणि त्यात दिलेल्या किमान रोधाहून कमी रोधाची कॉइल, ती कितीही ‘रेसिंग’ म्हणवत असली तरी, परत करावी.

लेखमालेचा पुढचा भाग वायरिंगवर येणार असल्याचे आपण जाहीर केले आहे. त्यात प्रत्येक गाडीसमोर कॉइलचा प्रायमरी रोध आणि ती सीडीआयची आहे की नाही, एवढे दोन तपशील द्यावेत आणि वर उल्लेखिलेल्या विधानाची दुरुस्तीही तिथेच छापावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक
लोकमान्यनगर, इंदूर