मान धरून ठेवणाऱ्या हातांचे आभार

कापसाच्या बंडीवरून किंवा मोहाच्या झाडावरून कोणी डोक्यावर पडला, की वावरातून धावत येऊनही त्याला उठवून न बसवणाऱ्या, पाणी न पाजणाऱ्या, मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये न कोंबणाऱ्या सगळ्यांचे मनापासून आभार.

मानेत 7 मणके. मणका मोडला म्हणून मज्जारज्जूला, म्हणजे मणक्यांच्या आतून जाणाऱ्या नसांच्या दोराला, लगेच इजा होतेच असं नाही; पण उचलताना मान वाकली, तर सरकलेलं हाड त्याला दाबू शकतं. मानेच्या तिसऱ्या ते पाचव्या पातळीवरच्या नसा श्वासपटल, म्हणजे फुप्फुसांखालचा श्वासाचा स्नायू, हलवतात, म्हणून तिथली इजा थेट श्वासावर येते.

कान मोकळे ठेवून, दोन्ही बाजूंनी डोकं धरून, 108 ची गाडी येईपर्यंत ते न सोडणाऱ्याचे विशेष आभार. तोच एक-दोन-तीन म्हणतो, बाकीचे खांदा, कंबर, पाय एकदमच वळवतात, फळी खाली सरकते. उलटी झाली तरी असंच, सगळं अंग एकसाथ कुशीवर. डोक्याच्या दोन्ही बाजूंना दुपट्ट्यांच्या घट्ट गुंडाळ्या लावता, तेही बरोबर. बाज मात्र नको, ती झोळ खाते.

पुढे सीटी स्कॅन. मोड स्थिर असेल तर टणक कॉलर, बहुधा 6 ते 12 आठवडे. हाड हलत असेल तर प्लेट-स्क्रू, किंवा कवटीला पिनांनी बसवलेलं हॅलो कडं. दुखणं थांबलं तरी डॉक्टरांनी सांगेपर्यंत कॉलर काढायची नाही.

आणि हातपाय लुळे पडलेल्या माणसाला रात्रीसुद्धा दर 2 तासांनी कूस बदलून देणाऱ्या, टाच, माकडहाड, कॉलरखालची हनुवटी लाल झाली का ते कंदिलाच्या उजेडात पाहणाऱ्या घरच्यांनो, तुमचेही आभार.