‘साहेब, प्रेस डबल मारतेय’

भोसरी, पुणे
१२ जून

प्रिय मित्रा,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी लाईनवर होतो, नुसतं ‘अभिनंदन’ म्हणून ठेवला. पण ठेवता ठेवता तू जे बोललास ते तेव्हापासून मनात घोळतंय. ‘मशीनची भीती नाही रे, माणसांची वाटते.’ वीस वर्षं टूल रूममध्ये, डाय-साच्यांच्या कामात काढलेल्या माणसावर एकदम ३५० जणांचा प्लांट सोपवला की असं वाटणारच. कराडच्या हॉस्टेलवर सगळे म्हणायचे, तुला ड्रॉइंग कळतं आणि मला माणसं कळतात. तुझ्याबद्दल ते खरं होतं. मला मात्र माणसं कळायला एका पोराची दोन बोटं जावी लागली. हे मी तुला कधी सांगितलं नाही. सोमवारी तू वाळूजला चार्ज घेशील, त्याआधी तुला ते माहीत असावं असं वाटतं.

तेव्हा मी एका प्रेस शॉपला शिफ्ट इन्चार्ज होतो. कंपनीचं नाव नको. पत्रा कापायच्या-दाबायच्या जुन्या, पिन क्लचच्या सहा-सात प्रेस होत्या. तुला ठाऊकच आहे, या प्रेसचं एकदा पेडल मारलं की रॅम, म्हणजे वरून दाबणारा भाग, मध्ये थांबत नाही, फेरा पुरा करूनच वर जातो. म्हणून तिला लाईट कर्टन, म्हणजे हात आत गेला की मशीन थांबवणारा प्रकाशाचा पडदा, लावूनही हात वाचत नाही. आणि पिन किंवा स्प्रिंग झिजली की कधीतरी पेडल न मारताच रॅम पुन्हा खाली येतो. पोरं म्हणतात, प्रेस डबल मारते.

एका सेकंड शिफ्टला आमचे एक जुने ऑपरेटर माझ्याकडे आले. सगळं शॉप त्यांना मामा म्हणायचं. म्हणाले, ‘साहेब, चार नंबर डबल मारतेय. बंद ठेवतो.’ गेटवर डिस्पॅचची गाडी उभी होती, कस्टमरचे फोनवर फोन येत होते आणि त्याच दुपारी मी वरून बोलणी खाल्ली होती. मी सगळ्या लाईनसमोर म्हणालो, ‘मामा, काम नको असलं की बरोबर तुमचीच प्रेस डबल मारते.’ चार पोरं हसली. मामा गप्प राहिले. मेंटेनन्सवाला आला, दहा-बारा स्ट्रोक मारून बघितले, त्यात एकदाही डबल झालं नाही. प्रेस चालू झाली, गाडी भरून गेली आणि मी घरी जाऊन शांत झोपलो.

पुढच्या तीन आठवड्यांत त्या प्रेसने आणखी दोनदा डबल मारलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. मामांनी चिमट्याने जॉब, म्हणजे दाबायचा पत्रा, ठेवायला सुरुवात केली होती. स्वतःचा हात सांभाळला, मला मात्र सांगितलं नाही. मग एक दिवस मामा रजेवर गेले आणि त्यांच्या जागी आयटीआयहून आलेला, जेमतेम चार महिने झालेला ट्रेनी बसला. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. उजव्या हाताची दोन बोटं गेली, पहिल्या पेरापासून.

मामा गावाहून थेट हॉस्पिटलमध्ये आले. मला वाटलं, आता चिडतील, चार शब्द सुनावतील. ते बाकड्यावर माझ्या शेजारी बसले आणि हळूच म्हणाले, ‘सांगितलं असतं साहेब. पण परत माझंच हसं झालं असतं.’

चौकशीच्या कागदावर कारण लिहिलं गेलं, ऑपरेटरने गार्डशिवाय काम केले. हात आत जाऊ न देणारा गार्ड नव्हता हे खरं. पण जॉब लवकर बाहेर पडावा म्हणून महिन्याभरापूर्वी तो आम्हीच काढून ठेवला होता. मी त्या कागदावर सही केली. तो मुलगा आता गावाकडे मोबाइलचं दुकान चालवतो आणि दर दिवाळीला आठवणीने फोन करतो. त्याचं नाव स्क्रीनवर आलं की उचलायच्या आधी मला क्षणभर थांबावं लागतं.

या गोष्टीत मला सगळ्यात जास्त काय छळतं माहीत आहे? चार नंबरची पिन गेलीय हे शॉपमधल्या हेल्परपासून चहा आणणाऱ्या पोरापर्यंत सगळ्यांना माहीत होतं. ज्याच्या एका सहीने नवी पिन आली असती त्या एकट्याला माहीत नव्हतं. आणि ते मला कळू नये याची तजवीज मीच केली होती, एका वाक्यात, चार लोकांत.

नंतर कंपनीने आम्हाला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. विषय होता भावनिक बुद्धिमत्ता. ही कल्पना पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली मांडली, पुढे डॅनियल गोलमनने ती मॅनेजर लोकांपर्यंत नेली, हे तिथे ऐकलं. स्वतःची भावना ओळखणं, ती आवरणं, दुसऱ्याची समजून घेणं, अशी त्यातली अंगं शिकवली. शिकवणाऱ्या बाई मनापासून शिकवत होत्या. मी मात्र प्रत्येक मुद्द्याला चार नंबर प्रेस बघत होतो. त्या दिवशी माझा राग मामांवर नव्हताच. तो वरून आला होता आणि मी तो खाली उतरवला. स्वतःची भावना ओळखणं म्हणजे तेवढं त्या घडीला कळणं, आणि तेवढंच मला कळलं नव्हतं.

त्यानंतर या विषयावर मिळेल ते वाचत गेलो. ॲमी एडमंडसन नावाची एक अमेरिकन संशोधक आहे. १९९० च्या दशकात तिने हॉस्पिटलमधल्या नर्सिंगच्या टीम तपासल्या. तिला वाटलं होतं, चांगल्या टीममध्ये औषधांच्या चुका कमी निघतील. निघालं उलटं, चांगल्या टीमच्या नोंदीत चुका जास्त होत्या. मग तिच्या लक्षात आलं की त्या टीममध्ये लोक चुका उघड बोलतात, बाकीच्यांत झाकून ठेवतात. पुढे १९९९ मध्ये तिने एका उत्पादन कंपनीतल्या ५१ टीमवरचा अभ्यास छापला, त्यातही हेच सूत्र. न घाबरता बोलता येतं ती टीम शिकते आणि काम सुधारते. हे वाचलं आणि मी आमची निअर मिसची, म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघातांची, वही काढली. मी इन्चार्ज असताना त्या वहीत आठ महिने एकही नोंद नव्हती. मला तेव्हा त्याचा अभिमान वाटायचा! तुझ्या प्लांटची वही कोरी असेल तर आनंद मानू नकोस, आधी घाबर.

दुसरी गोष्ट कॅलिफोर्नियातली, फ्रीमाँटची. जनरल मोटर्सचा तिथला कारखाना १९८२ मध्ये बंद पडला. गैरहजेरी २० टक्क्यांच्या वर जायची, युनियन आणि मॅनेजमेंटचं हाडवैर. १९८४ मध्ये तोच कारखाना टोयोटाबरोबर भागीदारीत पुन्हा सुरू झाला, नाव नम्मी. कामगार बहुतेक जुनेच, युनियनही तीच. गैरहजेरी २ टक्क्यांवर आली. तू म्हणशील जपानी सिस्टीम. होय, सिस्टीम होतीच, पण तिच्यात काय होतं ते बघ. जुन्या कारखान्यात काहीही झालं तरी लाईन थांबवायची नाही असा दंडक होता. नव्या कारखान्यात प्रत्येकाच्या डोक्यावर दोरी आली. अडलं की ओढ. दोरी ओढली की लगेच लाईन थांबत नाही, आधी टीम लीडर धावत येतो. ठरलेल्या खुणेपर्यंत दोघांनी मिळून सोडवलं तर लाईन चालूच राहते, नाहीतर थांबते. आपल्याकडेही अँडन, म्हणजे असंच अडचण कळवायचं बटण, लावतात. मी चाकणला एका ठिकाणी नवा कोरा अँडन बघितला, त्याच्या बटणावर धूळ बसली होती. दोरी विकत मिळते रे. ती ओढल्यावर येणाऱ्या माणसाचा चेहरा कसा असेल, हे मात्र तुझ्यावर आहे.

आणि अल्कोआच्या पॉल ओ’नीलची गोष्ट तर मी विसरूच शकत नाही. १९८७ मध्ये तो त्या ॲल्युमिनियम कंपनीचा प्रमुख झाला. काही महिन्यांत ॲरिझोनाच्या प्लांटमध्ये एक कोवळा कामगार अडकलेलं मशीन मोकळं करताना गेला. त्याने मशीनचा कठडा ओलांडला होता, म्हणजे कागदावर चूक त्याचीच दाखवता आली असती. ओ’नीलने वरिष्ठांना जमवलं आणि सांगितलं की हा माणूस आपण मारला, आणि सगळ्यात आधी मी जबाबदार आहे. ते वाचताना मला माझी सही आठवली.

आता तू विचारशील, मी नेमकं काय करू?

पहिल्यांदा स्वतःचं अंग ओळख. मला राग येतो तेव्हा आधी कानशिलं तापतात, मग आवाज चढतो. कानशिलं तापली की मी आता बोलत नाही, चालायला लागतो. ऑफिसपासून मशीनपर्यंतची दीडशे पावलं मला पुरतात. पोचल्यावर पहिला प्रश्न ‘काय झालं?’ ‘कुणी केलं?’ हा प्रश्न तोंडातून आधी निघाला की पुढचा अर्धा तास तुला फक्त बचाव ऐकायला मिळतो आणि बिघाड तसाच पडून राहतो. आणि कुणी वाईट बातमी घेऊन आला तर आधी त्याला ‘बरं झालं सांगितलंत’ म्हण. जीभ जड होते, मला अजूनही होते. रिजेक्शनचा ढीग समोर असताना हे म्हणणं सोपं नाही. तरी म्हण. लाईनवरची पन्नास माणसं तेव्हा मान खाली घालून काम करत असतात, पण कान तुझ्याकडे असतात.

याचा अर्थ सगळ्यांना गोंजारत बसायचं असा घेऊ नकोस. दोन्ही हात बाहेर गुंतावेत म्हणून असलेल्या टू-हँड बटणाला काडी लावून एका हाताने प्रेस चालवणाऱ्या पोराला मी मागच्याच महिन्यात घरी पाठवलं आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही. पण केबिनमध्ये बोलावून, दार लावून. आणि काडी का लावली हेही विचारलं. त्याला तासाला जितके नग सांगितले होते तितके दोन्ही हातांनी निघतच नव्हते. तो आकडा कुणी ठरवला, ते मग मला शोधावं लागलं.

सुपरवायझरकडे विशेष लक्ष दे. तो बिचारा जात्यातला दाणा. वरून टार्गेट येतं, खालून कुरकूर. आपण त्याला मीटिंगमध्ये झोडपलं की तो बाहेर पडून पहिल्या दिसेल त्या हेल्परला झोडपतो. मी मामांना नेमकं तेच केलं होतं. म्हणून सकाळच्या मीटिंगमधला तुझा सूर दहा मिनिटांत शेवटच्या मशीनपर्यंत पोचतो असं धरून चाल.

कंत्राटी पोरांचं तर विचारूच नकोस. एकाच लाईनवर, एकाच मशीनवर, टोपीचा रंग वेगळा आणि पगार निम्मा. तो निम्मा पगार तुझ्या हातात नसेल. पण त्यांना ‘ए ठेकेदारवाला’ अशी हाक मारणं तुझ्या प्लांटमध्ये बंद होऊ शकतं. नावं पाठ कर. बिहार-ओडिशाची पोरं असतील, त्यांच्याशी हिंदीत ‘आप’ने बोल. धोका आधी त्यांनाच दिसतो, कारण सगळ्यात अवघड जागी आपण त्यांनाच उभं करतो. आणि ते सगळ्यात कमी बोलतात, कारण उद्या गेट बंद होईल ही भीती.

आणि तू जातोयस ते दिवस बघ. मृग लागलाय. वाळूजला निम्मे लोक आसपासच्या खेड्यांतले, पाऊस पडला की पेरणीला जाणारच. पहिल्याच आठवड्यात हजेरी पडलेली दिसेल आणि तुला वाटेल नव्या साहेबाला जोखतायत. तसं नसतं. वाफसा चार दिवस टिकतो, तेवढ्यात बी जमिनीत गेलं नाही तर वर्ष जातं. आमच्याकडे मी आता मेच्या शेवटीच विचारून ठेवतो, कोण कधी जाणार, आणि जे जात नाहीत त्यांना ओव्हरटाइम देतो. याच दिवसांत वारी असते, काहींना दोन मुक्काम चालायचं असतं. आधी विचारलं की लोक तारीख सांगतात आणि बहुतेक जण त्या तारखेला परतही येतात.

मामा त्या वर्षी खंडेनवमीला चार नंबरच्या पूजेला आले नाहीत. दरवर्षी तेच झेंडूचं तोरण बांधायचे, प्रेसला हळदकुंकू वाहायचे. मी त्यांच्या लॉकरपाशी गेलो आणि म्हणालो, ‘मामा, माझं चुकलं. त्या दिवशी सगळ्यांसमोर बोललो, आज सगळ्यांसमोर माफी मागतो.’ आणि मागितली. माझा आवाज नीट फुटत नव्हता. मामांनी नारळ घेतला, फोडला आणि सगळ्यांत आधी मला खोबरं दिलं. पुढच्याच आठवड्यात ते केबिनच्या दारात उभे. ‘साहेब, दोन नंबरचा ब्रेक सरकतोय.’ मी खुर्चीतून उठलो.

तुला पत्र लिहीन म्हणता म्हणता रात्रीचा एक वाजला. वहिनींना नमस्कार सांग. माझं एक काम कर. पहिल्या पंधरा दिवसांत तुझ्याकडे कोण कोण काय वाईट सांगायला आलं, ते रोज घरी जाऊन लिहून ठेव. मी पुढच्या महिन्यात संभाजीनगरला येतोय, तेव्हा ती वही घेऊन बसू. तुझ्याकडे सेकंड शिफ्ट किती वाजता लागते तेही कळव, मला त्याच वेळेला शॉपवर यायचंय.

तुझाच,
हॉस्टेलचा जुना रूममेट